तुकड्यावर जमलं, जॅकेटवर बिघडलं : कापडावरच्या कामाच्या क्रमाचं एक प्रकरण

वस्त्र असं ठरलं होतं : मांडीच्या मध्यापर्यंत येणारं, पुढून उघडं, सैल बाह्यांचं सुती जॅकेट. कापडाची जमीन गर्द निळसर काळी. तिच्यावर दोन्ही खांद्यांवरून खाली ओघळणारे फिकट पट्टे, कडा धूसर, रंग आपणहून विरत गेल्यासारखे. आतून मलमलीचा थर लावून पट्ट्यांच्या दिशेने अंगभर धावदोऱ्याचे टाके, म्हणजे कापडाला हात फिरवल्यावर कळेल असा उंचसखल पोत येईल. थोडक्यात, तीन तंत्रं एकावर एक : रंगवणं, डिस्चार्ज म्हणजे चढवलेला रंग ठरावीक जागी उडवणं, आणि टाक्यांचं काम.

ज्या लहान डिझाइन चमूने हे हाती घेतलं होतं, त्यांनी आधी ३० सेंटिमीटर चौरसाचा तुकडा केला. तो खरोखर देखणा होता, आजही तो समोर ठेवला तर माझा हात आधी त्याच्याकडेच जाईल. त्यावरून पहिलं जॅकेट शिवलं गेलं आणि ते कुणालाही नीट बसेना. याच टप्प्यावर मला सल्ल्यासाठी बोलावलं.

जॅकेट टेबलावर पसरलं तेव्हा दोष एकेक करून दिसत गेले. छातीचा घेर पॅटर्नपेक्षा, म्हणजे कापड बेतायच्या कागदी आराखड्यापेक्षा, जवळजवळ ५ सेंटिमीटरने कमी भरला होता. खालची कड सरळ न राहता डावीकडे ओढली गेली होती. खांद्याच्या शिवणीवर पट्टे तुटत होते : पुढचा पट्टा जिथे संपे, तिथे मागे गर्द जमीन येई. मुंढ्याशी तर बाहीवरचे पट्टे आणि अंगावरचे पट्टे यांचा काही संबंधच उरला नव्हता. फिकट भागांवर राखाडी झाक होती, काही ठिकाणी कडेला हिरवट. आतली मलमल टाक्यांच्या मधे फुगून सुरकुतली होती. खालचा घेर पुठ्ठ्यासारखा ताठ उभा राहत होता.

चमूचा पहिला कल असा, की प्रत्येक दोषाला वेगळा उपाय करावा : छातीत थोडी जास्त माया (शिवणीसाठी सोडलेलं जादा कापड), खालची कड कापून सरळ, पट्टे जुळवायला आणखी काळजी. मला ते पटलं नाही. हे सगळे दोष एकाच ठिकाणाहून निघाले होते. कापडावरचं काम आणि कपड्याचं काम ही दोन वेगळी खाती धरली होती. आधी पृष्ठभाग पूर्ण करायचा, मग जणू तो बाजारातून आणलेला थान आहे अशा भावनेने त्यावर पॅटर्न ठेवून बेतायचं. या जॅकेटमध्ये ते चालणारं नव्हतं. पृष्ठभागावरची कुठली क्रिया बेतण्याआधी, कुठली बेतल्यावर, कुठली जोडल्यावर करायची, हा क्रम ठरवणं हेच इथलं खरं डिझाइन होतं.

चमूला हे सांगताना मी चुण्यांचं उदाहरण दिलं. मारिआनो फॉर्च्युनी या डिझायनरने १९०९ मध्ये रेशमाला बारीक चुण्या पाडण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्याच्या डेल्फोस गाऊनमध्ये चुण्या पाडलेले रेशमाचे उभे पट जवळजवळ काही आकार न देता जोडलेले असतात. अंगाला बसणं चुण्यांवरच सोपवलेलं. जपानी डिझायनर इसे मियाके यांनी नेमका उलटा क्रम घेतला : पॉलिएस्टरचा कपडा अडीच ते तीन पट मोठा बेतून, पूर्ण शिवून, मग कागदाच्या थरांमध्ये ठेवून उष्णतेने दाबायचा. १९९३ पासून ‘प्लीट्स प्लीज’ नावाने ते कपडे बाजारात आहेत. दोन्हीकडे चुण्याच, पण पॉलिएस्टर उष्णतेने दिलेला आकार धरून ठेवतं, रेशीम तसा धरत नाही; म्हणून डेल्फोस गाऊन पीळ देऊन गुंडाळून ठेवावा लागे. धाग्याचा स्वभाव, तंत्र आणि शिवणीचा क्रम एकमेकांना बांधलेले असतात. इकतमध्ये तर रंगाचा निर्णय विणण्याच्याही आधी, सुतावर होतो.

आता दोषांच्या मुळाशी.

घेर कमी का झाला, हे समजायला धावदोरा काय करतो ते पाहावं लागतं. दोन थरांतून सुई वरखाली जाते, दोरा थोडासा ओढला जातो, आणि टाक्याच्या रेषेवर कापड किंचित आखडतं. एका रेषेत ते दिसत नाही. शेजारी शेजारी अशा रेषा आल्या की सगळा पट लहान होतो. या कामात आखडणं साधारण ४ टक्के निघालं. ३० सेंटिमीटरच्या तुकड्यावर ते १.२ सेंटिमीटर भरतं, आणि नमुन्याचा तुकडा कडेने कापून साफ केल्यावर तेही हरवतं. १२० सेंटिमीटर घेरावर मात्र तेच ४ टक्के ४.८ सेंटिमीटर होतात. तुकडा खोटं बोलला नव्हता. त्याला मोजलं कुणी नव्हतं.

कड डावीकडे ओढली जाण्याचं कारण त्याहून रोचक आहे. पट्टे तिरके उतरत होते म्हणून टाकेही तिरके घातले होते, सगळे एकाच बाजूला झुकलेले. सुती विणीचं कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेत घट्ट असतं, तिरक्या दिशेत सहज ताणलं आणि आखडलं जातं. आखडण्याची ओढ नेमकी त्या कमकुवत दिशेने लागली आणि अख्खा पट समांतरभुज झाला. इस्त्रीने तो सरळ करता येत नाही. वाफेखाली ओढून बसवला तरी पहिल्याच धुण्यात परत जातो.

मलमलीची गोष्ट साधी होती. वरचं कापड खळ काढणं, रंगवणं, वाफवणं, धुणं यांतून गेलेलं असल्याने जेवढं आटायचं तेवढं आटून बसलं होतं. मलमल कोरी होती. शिवून झाल्यावरच्या पहिल्या धुण्यात ती आटली आणि वरच्या कापडालाही सोबत ओढलं. मलमल आधी गरम पाण्यातून काढली असती तर हा दोष आलाच नसता, त्यामुळे यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

राखाडी झाकेवर मात्र बोलायला हवं, कारण डिस्चार्ज करणाऱ्या बहुतेकांना ती कधी ना कधी भेटते आणि बहुतेक जण दोष डिस्चार्जच्या पेस्टवर टाकतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंग सुताशी रासायनिक बंध करतो, म्हणूनच तो पक्का. पण रंगाच्या टाकीत सगळाच रंग सुताला चिकटत नाही. सोडा अ‍ॅशमुळे पाणी अल्कधर्मी झालं की काही रंग सुताऐवजी पाण्याशीच क्रिया करून निकामी होतो. हा निकामी रंग कापडात अडकून राहतो, दिसायला तसाच गडद, पण बांधलेला नाही. तो काढायचा तर आधी थंड पाण्याने खळाळून, मग उकळीच्या जवळच्या पाण्यात साबणाने, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावं लागतं. इथे रंगवल्यावर कापड दोनदा थंड पाण्यातून काढून वाळवलं होतं, तेवढंच. पुढे डिस्चार्ज केल्यावर धुताना हा सैल रंग सुटला आणि जवळच्या फिकट भागात जाऊन बसला. पट्टे पांढरट झाले होते, ते नंतर मळले.

यात दुसरं एक कारण मिसळलेलं होतं. डिस्चार्जसाठी रोंगालाइट वापरलं होतं, म्हणजे सोडियम फॉर्मल्डिहाइड सल्फॉक्सिलेट. वाफेच्या उष्णतेत ते रंगातला अ‍ॅझो बंध (नायट्रोजनच्या दोन अणूंमधला, ज्यामुळे रंग दिसतो) तोडतं आणि रंग जातो. पण पेस्ट लावलेलं कापड ओलसर हवेत पडून राहिलं तर रोंगालाइट वाफेपर्यंत पोचण्याआधीच क्षीण होतं. जॅकेटचे काही पट पेस्ट लावून रात्रभर टांगून ठेवले होते, काही त्याच दिवशी वाफवले होते. उजवी बाजू डावीपेक्षा मातकट का, याचं उत्तर तिथे मिळालं.

हिरवट कडेचं कारण जमिनीच्या रंगात होतं. निळसर काळा साधायला त्यात थोडा टर्क्वाइज, म्हणजे हिरवट निळा, मिसळला होता. टर्क्वाइज रिअ‍ॅक्टिव्ह रंग थॅलोसायनिन जातीचे असतात. त्यांच्या रंगाचं मूळ अ‍ॅझो बंधात नसल्याने रोंगालाइट त्यांना नीट उडवू शकत नाही. काळा गेला, टर्क्वाइज मागे राहिला. चमूतल्या एकीला ती हिरवट कड फार आवडली होती, आणि तिची नजर चांगली आहे. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. मी काढून टाकण्याच्या बाजूने होतो, कारण ती कड प्रत्येक पटावर वेगळी उमटत होती आणि एकाच कपड्याच्या दोन बाह्या दोन वेगळ्या थानांच्या वाटत होत्या. ती तिने पुढे दुसऱ्या एका कामासाठी मुद्दाम जपून ठेवली आहे, तिथे प्रत्येक नग एकटाच असणार आहे. तिथे ती शोभेल.

मग उपाय शोधताना तीन वाटा समोर आल्या.

एक, डिजिटल प्रिंट. पॅटर्नच्या प्रत्येक भागात पट्टे संगणकावर बसवायचे, म्हणजे शिवणीवर ते जुळूनच येतील. हे तंत्र फॅशनमध्ये चांगलं रुळलेलं आहे. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या २०१० च्या वसंत-उन्हाळी संग्रहात अंगाच्या ठेवणीप्रमाणे बसवलेली डिजिटल चित्रं होती. पण आमचं जॅकेट पुढून उघडं, बाह्या दुमडून घालायचं. डिजिटल छपाईची शाई सुताच्या वरच्या थरात राहते आणि उलट बाजू फिकी दिसते. बाही दुमडली की ते उघडं पडलं असतं. शिवाय डिस्चार्जची पेस्ट धाग्याधाग्यातून जी आतवर झिरपते आणि कड धूसर करते, ती धूसरता चित्रातून आणता येते, पण ती बघणाऱ्याला चित्र वाटते.

दोन, आधी शिवायचं आणि मग सगळं जॅकेट रंगवायचं. इथे अडचणी लगेच उभ्या राहिल्या. पॉलिएस्टरचा शिवणदोरा रिअ‍ॅक्टिव्ह रंग घेत नाही, सगळ्या टिपा पांढऱ्या राहिल्या असत्या. सुती दोरा वापरला तरी जाड शिवणींच्या आत रंग कमी पोचतो आणि उसवल्यासारख्या फिकट रेषा दिसतात. गळपट्टीच्या आतला कॅनव्हास वेगळा आटतो. काही कपड्यांना हे सगळं शोभतं, जीन्ससारख्या कपड्यांचं तर त्यातच सौंदर्य आहे. गर्द, शांत जमिनीला ते शोभलं नसतं.

तिसरी वाट मधली, आणि ती धरली. पट अर्धवट कपडा आणि अर्धवट कापड या अवस्थेत ठेवून काम करायचं.

त्यासाठी सगळ्यात आधी पॅटर्न बदलला. खांद्याची शिवण काढून टाकली. पुढचा आणि मागचा भाग खांद्यावरून सलग, जोड पाठीच्या मध्यावर. असं केलं की खांद्याला उतार देता येत नाही आणि नेटकं बसणारं जॅकेट फसतं. सैल, चौकोनी कपड्यात मात्र खांदा खाली उतरतो आणि तो उतार खपून जातो, थोडा आकार गळ्याच्या मागे पाठीच्या जोडातून घेता येतो. बाहीची वरची गोलाई काढून ती सरळ केली, मुंढाही सरळ. गोल बाही सरळ पट्ट्याशी कधीच जुळत नाही, कारण गोलाईची लांबी मुंढ्यात सामावताना पट्टे हलतात. इथे कपड्याने पृष्ठभागासाठी जागा सोडली. पॅटर्न करणारी व्यक्ती आधी नाखूश होती, तिची हरकत रास्त होती : हात वर केला की सरळ बाहीचं जॅकेट अंगासह वर येतं. बगलेत चौकोनी कळी घालून तो प्रश्न तिनेच सोडवला.

त्यानंतर क्रम असा लागला. कापड आणि मलमल दोन्हींची खळ काढून, गरम पाण्यातून काढून वाळवलं. कापड टर्क्वाइज वगळलेल्या मिश्रणात रंगवलं आणि साबणाच्या धुण्यात कुठेही घाई केली नाही. मग पॅटर्नची बाह्यरेषा कच्च्या टाक्याने उठवली, कारण खडूची खूण पुढच्या धुण्यांत टिकत नाही. बेतलं मात्र नाही. रेषेबाहेर सगळीकडे ४ सेंटिमीटर माया ठेवून चौकोनी पट कापले. बाही अंगाला लांब कच्च्या टाक्यांनी सपाट जोडली. आणि त्या जोडलेल्या, पसरलेल्या अवस्थेत, खांद्यावरून बाहीपर्यंत रुंद ब्रशने डिस्चार्जची पेस्ट लावली. पडद्याची छपाई, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग, इथे जमली नसती. जोडाच्या उंचवट्यावर पडदा टेकत नाही आणि दोन्ही बाजूंना पेस्ट कमीजास्त बसते. ब्रश उंचवट्यावरून निघून जातो. पेस्टही तुकड्यासाठी केली होती त्याहून जरा घट्ट ठेवली. लहान तुकड्यावर पातळ पेस्टची कड झिरपून सुंदर दिसली होती, मोठ्या ब्रशखाली तीच पेस्ट जागोजाग थबकून डाग देत होती.

पेस्ट कोरडी झाली की पट त्याच दिवशी वाफेत, साधारण १०२ अंश सेल्सिअसला ८ ते १० मिनिटं. हे काम हवेशीर जागीच करावं, हातमोजे आणि योग्य मास्क लावून. रोंगालाइटमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, त्याला वास आहे म्हणून कळतं, पण कळेपर्यंत थांबू नये. मग भरपूर थंड पाण्यात धुणं, ओले पट एकमेकांवर न रचता. पट्टे या वेळी दुधाळ पिवळसर निघाले. शुभ्र नाहीत, अ‍ॅझो बंध तुटल्यावर उरणाऱ्या तुकड्यांना स्वतःची झाक असू शकते. गर्द जमिनीशेजारी ती ऊबदार झाक मला शुभ्रापेक्षा बरी वाटली.

आता टाके. तुकडा बाजूला ठेवून पाठीचा अर्धा भाग पूर्ण मापात टाक्यांनी भरून पाहिला, धुवून वाळवून दोन्ही दिशांनी मोजला. टाक्यांच्या रेषा या वेळी उभ्या धाग्याच्या दिशेने घेतल्या, पट्टे तिरके असले तरी. यावर वाद झाला, कारण पट्टे आणि टाके एका दिशेने जाणं हीच मूळ कल्पना होती. पण तिरके पट्टे सरळ टाक्यांच्या खालून जाताना जी हालचाल दिसली, ती पाहिल्यावर कुणी मागे जायची भाषा केली नाही. उभ्या दिशेत आखडणं ३.५ टक्के आलं, आडव्या दिशेत १ टक्क्याच्या आसपास. पॅटर्न त्या हिशोबाने मोठा केला, लांबीत जास्त, रुंदीत थोडा.

खालच्या ताठपणाचं उत्तर टाक्यांच्या घनतेत होतं. पहिल्या जॅकेटवर वरपासून खालपर्यंत एकसारख्या, ६ मिलिमीटर अंतराच्या रेषा होत्या. नव्यात पाठीच्या वरच्या भागात तेवढंच अंतर ठेवलं आणि खाली येताना एक आड एक रेषा संपवत नेली. शेवटच्या २० सेंटिमीटरमध्ये रेषा २४ मिलिमीटरवर गेल्या. ताठपणा गेला. आणि एक अनपेक्षित गोष्ट मिळाली : दाट टाक्यांनी वरची रुंदी थोडी खेचून घेतली, खालची तशीच राहिली, त्यामुळे जॅकेटला हलका घेर आला. बाजूच्या शिवणीत एकही कळी न घालता. तो मुद्दाम ठेवला.

जोडाजवळची अडचण वेगळी होती. बाही आणि अंग वेगवेगळे टाक्यांनी भरले तर दोन्हींचं आखडणं सारखं येईलच असं नाही, आणि ब्रशने नेमका जुळवलेला पट्टा जोडताना हलेल. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना ५ सेंटिमीटर पट्टी टाक्यांविना सोडली. बाकी काम झाल्यावर पट धुतले, उलट बाजूने हलकी इस्त्री केली, पॅटर्न पुन्हा ठेवून आता खरं बेतलं, पक्की टीप मारली, आणि ती सोडलेली पट्टी जोडावरून सलग टाके घालून भरली. वेळखाऊ काम आहे. पण बाहीवरचा पट्टा आज अंगावर उतरताना थांबत नाही, तो याच ५ सेंटिमीटरमुळे.

रंगाच्या पक्केपणाची तपासणी घासून केली, आयएसओ १०५-एक्स१२ पद्धतीने, पांढऱ्या सुती कापडावर कोरडी आणि ओली. राखाडी पट्टीवर ५ म्हणजे डाग नाही, १ म्हणजे भरपूर. पहिल्या जॅकेटची ओली घासणी २ वर होती; नव्याची ३ वर आली. इतक्या गर्द सुतासाठी हे स्वीकारण्याजोगं आहे, उत्तम नाही. आतली मलमल फिकट असल्याने पुढे घामाने तिच्यावर डाग येऊ शकतो, म्हणून मलमलही मध्यम करड्या रंगात रंगवून घेतली.

दोन गोष्टी अजून चालू आहेत. मापं वाढवताना पॅटर्न मोठा होतो, पट्टा होत नाही. ब्रश तोच, हात तोच. सध्या पट्ट्यांची मापं खांद्याच्या दुमडीपासून धरतात आणि वाढवलेलं कापड सगळं बाजूला जातं. मोठ्या मापात बगलेखाली गर्द जमिनीचा रुंद पट्टा राहतो. तो चांगला दिसतो, पण त्याहून मोठ्या मापांत काय करायचं याचा वेगळा आराखडा करावा लागेल. दुसरी गोष्ट कोपराची. बाही वाकते तिथे लांब टाके वर उचलले जातात आणि बटणात, नखात अडकतात. पुढच्या जॅकेटमध्ये कोपराच्या भागात टाक्याची लांबी निम्मी करून पाहायचं ठरलं आहे. लहान टाके जास्त आखडतात, म्हणजे बाहीचा तेवढा भाग पुन्हा पूर्ण मापात करून, धुवून, मोजावा लागेल.